त्रेचाळीस प्लॉट माहे

सांगतो न बे, सांगतो. आधी तो आलुबोंडा इकडं सरकव आदेश. उपाशी पोटी मले खरं बोलता नाई येत.

हव, ग्रुपवर सगळ्यायनं अभिनंदन टाकलं. कॉलेजच्या सरायनं टाकलं. जो पोट्टा सालभर निसते गुलाबाचे गुड मॉर्निंग टाकते त्यानं बी टाकलं, वरून नाचणारं अस्वल टाकलं. राह्यली कोण? मी. न ही दीपाली सकाळपासून तिसऱ्यांदा इचारून राह्यली, मनू, तू काऊन नाई टाकलं, तुही त जिगरी हाये ना ती? जळतो म्हणून नाई टाकलं! झालं समाधान? सर्व्हर डाउन हाये, गिऱ्हाईक बी कोणी नाई, त ऐक आता पूर्ण. न मधात हासू नको.

आदेश, तू गोंडपिपरीकडचा, तुले उर्वशी माहीत नाई. उर्वशी कुमरे, आमच्याच गावची, माह्या घरापासून चार घरं सोडून. पहिलीपासून बीएस्सीपर्यंत एका बाकावर बसलो आमी. आता ती जर्मनीत हाये. सरकारची ती परदेशात शिकाची स्कॉलरशिप राह्यते ना, ती भेटली तिले, जंगलाच्या विषयात मास्टर केलं. न तिथी नियम असा, का शिकून झाल्यावर दीड वर्ष राहू देतात काम शोधाले. शिक्षणाच्या लायकीचं काम भेटलं त राहा, नाई त बॅग भरा.

न मी? मी इथी. कुरखेड्याच्या ह्या सेवा केंद्रात दुसऱ्यायचे फॉर्म भरतो. जातीचा दाखला, पीक विमा, आधारवरचा फोटो माकडासारखा आला तो बदलून द्या.

तुमी म्हणसान, तिनं तुह्यं काय घेतलं? काई नाई घेतलं. तेच त दुखणं हाये. स्कॉलरशिपचा फॉर्म दोघीनं संगंच आणला होता. पण इंग्रजीची परीक्षा नागपूरले, मे महिन्यात, न मे महिन्यात गावात तेंदूपत्ता. ती गेली नागपूरले, मी राह्यली पानाचे पुडे बांधत. आता लोकायले मी सांगतो, घरी हाताची गरज होती म्हणून नाई गेली. खोटं हाये ते. बाबा त म्हणे, जा ना पोरी, पुडे बांधाले आमी हाओत. मलेच भेव वाटलं. समोरच्यानं इंग्रजीत काई इचारलं न माह्यं तोंडच नाई उघडलं त? म्हणून मी सत्तर-सत्तर पानं मोजत बसली, न ती पास झाली.

मंग तिचे स्टेटस चालू झाले. बर्फ. लाल जॅकेट. ट्राम. बर्फात लाल जॅकेट घालून ट्राम. मी एकेक स्टेटस झूम करून पाहो. जोडे कोणते हायेत, मागं कोण उभं हाये, खिडकीत कुंडी कशाची हाये. न मी पाह्यलं हे तिले समजू नये म्हणून निळ्या टिकेची सेटिंगच बंद करून टाकली. सेवा केंद्रात काम करतो ना, एवढं त येते मले.

मंग मास्टर झालं, न काम भेटे ना. एकशे बारा अर्ज केले तिनं. दिवसभर पार्सलच्या गोदामात डबे उचले, घरी येऊन अर्ज करे. फोन करून रडे. "मनू, कोणी म्हणते जर्मन कच्ची हाये, कोणी म्हणते अनुभव नाई, कोणी त उत्तरच नाई देत वं."

मी म्हणो, "होईन ना वं सगळं, घाबरू नको." न फोन ठेवला का मले कसं गार गार वाटे. माठातलं पाणी प्यालावानी. खोटं काऊन सांगू? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जळे मी. म्हणो, हिचं रडणं बी फॉरेनचं. मी रडली त मागं सातबाऱ्याची लाइन उभी राह्यते, ती रडते त मागं चर्चची घंटा वाजते.

असे पंधरा महिने गेले, तीन राह्यले. तव्हा एका कंपनीनं तिले बोलावलं. ती कंपनी वरून उपग्रहाचे फोटो पाहून सांगते, कोणत्या जंगलात किती लाकूड हाये. त्यायले असं माणूस पाह्यजे होतं ज्यानं खरंच जंगलात हिंडून झाडं मोजली. न उर्वशीनं मोजली होती. म्हणजे, आमी मोजली होती.

ते सांगतो. पाच वर्षं झाली त्याले. आमच्या गावाले सामूहिक वनहक्क भेटले, जंगल ग्रामसभेच्या ताब्यात आलं. मंग आराखडा कराचा होता, जंगलात काय हाये, किती हाये. गडचिरोलीवरून एक सर आले शिकवाले. जंगलात दोरीनं चौकोन आखाचा, त्याले प्लॉट म्हणाचं. प्लॉटातल्या एकेक झाडाचा घेर टेपनं मोजाचा, न मोजला तिथी पांढऱ्या पेंटाचा पट्टा माराचा. पण झाड त बुडाशी जाड न वरतं बारीक राह्यते. म्हणून सगळ्यायनं एकाच उंचीवर मोजलं पाह्यजे. सरायनं आमाले दोघीले एकेक बांबूची काठी कापून देल्ली, एक मीटर सदतीस सेंटीमीटर. काठी झाडाले टेकवाची, काठी संपली तिथी टेप गुंडाळाचा. सरायच्या बरोबर छातीले लागे ती. चौऱ्यांशी प्लॉट होते. नाल्याच्या अलीकडचे त्रेचाळीस माहे, पलीकडचे एक्केचाळीस उर्वशीचे.

आता जे सांगून राह्यली ते पाच वर्षं माह्या मायलेबी माहीत नोतं. पहिला दिवस आखण्यात गेला, न दुसऱ्याच दिवशी माही काठी गेली. नाल्यावर पाणी प्याले बसली, काठी बाजूले ठेवली, कोण्या गुराख्यानं उचलली न बैल हाकलत चालला गेला. सरायले सांगाची लाज वाटली. उर्वशीची काठी पाहा त चकाचक, तिनं तिले लाल धागा बांधून ठेवला होता. मी म्हटलं, काठी छातीलेच लागे ना? मंग छाती त मले बी हाये.

हास दीपाली, हास. ठसका लागन.

मी आपल्या छातीवर टेप धरला न त्रेचाळीस प्लॉट मोजले. सर होते सहा फुटाचे. मी चार फूट आठ इंच.

त झालं असं, का कंपनीच्या साहेबानं उर्वशीनं देल्लेला आमच्या मोजणीचा रिपोर्ट पाह्यला न म्हणे, हे जंगल त एकच दिसते. मंग नाल्याच्या ह्या बाजूची झाडं एवढी जाड न त्या बाजूची बारीक, असं काऊन? सोमवारपर्यंत सांगा. तिनं गुरुवारी मले फोन केला.

"मनू, तू काठी लावूनच मोजलं ना वं?"

"हव."

"सगळ्या प्लॉटात?"

"हव म्हटलं ना!"

"मंग मी सांगतो त्यायले, अलीकडची माती चांगली हाये म्हणून. ग्रामसभेचं एक पत्र पाह्यजे, का मोजणी काठीनंच झाली. आई लटारूभाऊची सही घेईन, तू फक्त छापून दे न स्कॅन करून पाठव. मनू, हे गेलं ना, त मंग मी गेलीच."

न मी खोटं बोल्ली, तिले बुडवणारं खोटं. पहिले भेवानं बोल्ली, तोंडातून निघूनच गेलं. पण मंग तिनं तो रिपोर्ट पाठवला, पत्रात काय लिहाचं ते समजावं म्हणून. साठ पानं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात उर्वशी कुमरे. आत सगळीकडं, मी मोजलं, मी आखलं, मी पाह्यलं. मी माह्यं नाव शोधलं. कॉम्प्युटरवर शोधाचं बटन असते ना, त्यात टाकून शोधलं. शून्य. शेवटच्या पानावर एक ओळ, गावकऱ्यायचे आभार.

मी गावकरी! माह्ये पाय काट्यानं फाटले, मोहोळ उठलं तव्हा गळ्याइतक्या पाण्यात जाऊन बसली मी, न मी गावकरी! मंग म्हटलं, ठीक हाये बाई. काम तुह्यं, नाव तुह्यं, त घे, चूक बी तुहीच.

शनिवारी पत्र छापलं. हे इथीच, ह्या प्रिंटरवर. आशाबाई, म्हणजे उर्वशीची आई, पत्र घेऊन लटारूभाऊकडं गेली, मी संगं. लटारूभाऊ ग्रामसभेचे अध्यक्ष. आता आमच्या गावची पद्धत ऐका. जंगलाच्या कागदावर घरी बसून शिक्का नाई लागत. बांबू तोडाचा ठराव असो, का कोणाच्या अतिक्रमणाची तक्रार, आधी जागेवर जाऊन पाहाचं, मंग तिथीच शिक्का माराचा. शिक्का पिशवीत घालून जंगलात नेतात आमच्याकडं.

मले वाटलं, एवढ्याशा पत्रासाठी म्हातारं कशाले येते. त म्हणे, "उद्या सकाळी निंगू. काठी आण वो आशाबाई."

न आशाबाईनं आणली! उर्वशीचीच काठी, लाल धाग्याची. पाच वर्षं त्यायच्या घरामागच्या सांदीत वालाच्या वेलाले टेका देऊन उभी होती.

मी मुद्दाम त्यायले आधी नाल्याच्या पलीकडं नेलं. उर्वशीच्या प्लॉटात. म्हातारं थकन न तिथूनच वापस होईन असा माहा हिशोब. तिथी काठी लावली का पट्टा बरोबर काठीच्या शेंड्यावर. दुसरं झाड, बरोबर. दहावं झाड, बरोबर. लटारूभाऊ पिशवीत हात घालून शिक्का चाचपू लागले. मले एकीकडून बरं वाटे, न एकीकडून जीव जळे. काय पट्टे मारले होते बे तिनं! पट्टीनं आखल्यावानी.

मंग लटारूभाऊ म्हणे, "चाला, आता अलीकडचे पाहू."

"राहू द्या ना भाऊ, उन्ह झालं," मी म्हटलं.

"उन्ह जंगलाले लागते का आपल्याले? चाल."

अलीकडं पहिलंच एक ऐनाचं झाड. आशाबाईनं काठी लावली. काठी पट्ट्याच्या वरतं दीड वीत. तिनं काठी उचलून पाह्यली, बूड पाह्यलं, पुन्हा लावली. दीड वीत. दुसऱ्या झाडाले, तिसऱ्या झाडाले, दीड वीत.

"पट्टा खालतं सरकला का काय भाऊ?" आशाबाई म्हणे.

"झाड शेंड्याकडून वाढते बाई. पट्टा मारला तिथीच राह्यते."

लटारूभाऊ दगडावर बसले. सुपारी-तंबाखूचा खर्रा काढला, तोंडात टाकला. मी नाल्याकडं पाहत उभी. मंग म्हणे, "मी सही नाई करत. काठीनं नाई मोजलं हे. मी खोटा शिक्का मारला त उद्या ह्या जंगलाच्या एका बी कागदाले कोणी नाई मानणार."

आशाबाईच्या डोळ्यात पाणीच आलं. पदरानं नाक पुसलं न म्हणे, "माह्या पोरीनं चुकवलं म्हणाव मंग. लहानपणापासून अशीच घाईची हाये ते. मी सांगतो तिले, बाई, तुह्यं चुकलं, साहेबाची माफी माग न घरी ये. तीन महिने कशाले काढतं तिथी डबे उचलून."

घरी ये! ऐकलं ना दीपाली? मले पाह्यजे होतं तेच. उर्वशी घरी येईन, चार घरं सोडून राहीन, माह्या बाजूच्या खुर्चीवर बसून पीक विमा भरन. मी खुश झाली पाह्यजे होती.

पण माह्या डोक्यात वेगळाच भडका उठला. आशाबाई त्या ऐनावर हात ठेवून म्हणून राह्यली होती, माह्या पोरीनं चुकवलं. कोणती बाजू कोणाची ते तिले काय माहीत. माह्या झाडावर! तो पट्टा माह्या हातचा, पेंटाचा डाग अजून माह्या ओढणीवर हाये. म्हणजे मोजणी बी तिची, रिपोर्ट बी तिचा, न आता एवढी मोठी, त्रेचाळीस प्लॉटाची, जर्मनीच्या साहेबाले कोड्यात टाकणारी चूक, ते बी तिच्याच नावावर?

"तिची नाई ते!" मी अशी वरडली का वरचे माकडं पळाले. "माही हाये! अलीकडचे सगळे त्रेचाळीस प्लॉट माहे हायेत! काठी हरपली होती माही. उर्वशीनं इथी एका झाडाले हात नाई लावला!"

न मी जाऊन झाडाले चिपकून उभी राह्यली. पट्टा बरोबर माह्या छातीवर.

लटारूभाऊनं पट्टा पाह्यला, मले पाह्यलं. उठले, दुसऱ्या झाडापाशी नेऊन उभं केलं. तिसऱ्या. पाचव्या. मंग असे हासले का खर्रा सांडला.

"पोरी, चुकली खरी," म्हणे, "पण काय एकसारखी चुकली! एक पट्टा बोटभर वर-खाली नाई."

आशाबाईनं मले ना शिवी देल्ली ना काई. लाल धाग्याची काठी माह्या हातात देल्ली. "तूच सांग तिले. मले नाई सांगता येत."

घरी येऊन फोन केला. सगळं सांगतलं. उर्वशीनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "मले वाटलंच होतं वं."

"वाटलं होतं त गप काऊन राह्यली?"

"गप कुठी? इचारलं ना तुले. तू हव म्हणली."

"न तुह्या रिपोर्टात माह्यं नाव कुठी हाये? म्या शोधलं, उर्वशी. बटन दाबून शोधलं."

"मनू, इथी एकाच माणसाचं नाव लिहाव लागते..."

"एकाचं काम असन त एकाचं लिहाव. तुह्ये एक्केचाळीस होते. एक्केचाळीस!"

मंग ती रडली, मंग मी रडली. पहिल्यांदाच दोघी संगं. ह्या खेपेले चर्चची घंटा नाई वाजली. माही कोंबडी ओरडून राह्यली होती, ते तिले तिकडं ऐकू गेलं, न ती रडता रडता हासली. म्हणे, "लालीच हाये का वं ते अजून?" म्हटलं, "लाली कधीची खाल्ली. ही तिची नात."

मंग काय. त्याच दिवशी दुपारी पुन्हा गेलो जंगलात. मी ऐनापाशी उभी, लटारूभाऊनं टेप धरला, आशाबाईनं फोटो काढला. जमिनीपासून पट्टा, एक मीटर सहा सेंटीमीटर. मी इंग्रजीत चार ओळी लिहल्या, का काठी हरपली, मी माह्या छातीवर मोजलं, चूक माही, नाव मनकर्णा हलामी. लटारूभाऊनं त्या कागदावर तिथीच, मांडीवर धरून शिक्का मारला.

सोमवारी कंपनीनं मले बी व्हिडिओवर घेतलं. हे इथीच बसली होती, ह्याच खुर्चीवर. तिकडं तिघं जणं, न स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या डब्यात उर्वशी, चेहरा पांढरा. साहेब इचारे, सगळ्या त्रेचाळीस प्लॉटात उंची एकच होती हे तुमी कशावरून सांगता? इंग्रजीत. डायरेक्ट मले. ज्या भेवानं मी नागपूरले नाई गेली ना आदेश, तेच भेव चालत माह्या टेबलापाशी आलं. न तोंड उघडलं माह्यं. म्हटलं, "सर, माय हाइट इज सेम. आफ्टर दॅट आय डिड नॉट ग्रो."

तिघं बी हासले. मंग साहेब म्हणे, चूक एकसारखी असन त हिशोबानं दुरुस्त होते, करून दाखवा. उर्वशीनं दोन दिवसात करून दाखवली. काई झाडायचा घेर माह्या पट्ट्यावर न काठीच्या उंचीवर किती बदलते ते मी इथून मोजून पाठवलं, तिनं गणित केलं. गुरुवारी तिले पत्र आलं. नोकरी पक्की.

न मले काय आलं? नवा रिपोर्ट आला. पहिल्या पानावर दोन नावं. आतमधी एक ओळ, प्लॉट एक ते त्रेचाळीस, मोजणी मनकर्णा हलामी, उंचीची दुरुस्ती केली. पाहा ना! तिले जर्मनी, न मले एक ओळ. न ते बी कशाची, त चुकीची! झूम करून पाह्यली मी ते. अकरा वेळा पाह्यली. चांगली दिसते तसी.

उर्वशी कामावर लागली तव्हापासून, तीन दिवस झाले, अभिनंदन टाइप करून ठेवलं हाये. हे पाहा. बटन नाई दाबल्या जात. बोट जाते न वापस येते. आदेश, तू दाब बे.

थांब! दे इकडं, मीच दाबतो. पण निसतं अभिनंदन नाई. थांब, लिहू दे. "अभिनंदन उर्वशी. त्रेचाळीस प्लॉट पुन्हा मोजून राह्यली मी, तुह्याच काठीनं. ह्या खेपेले नाव पहिले माह्यं लिहजो."

गेलं. ग्रुपवर नाई, तिलेच टाकलं. दोन टिक आल्या. उत्तर नाई अजून. तिथी आता सकाळचे साडेदहा असन. कामात असन बिचारी.

कामात! ऐकलं ना दीपाली? जर्मनीत, ऑफिसात, खुर्चीवर, कामात! न मी म्हणून राह्यली बिचारी! सरकव तो दुसरा आलुबोंडा इकडं, पुन्हा आग लागली मले.